थेंब संपले, माग नाही

अंबड-घनसावंगीकडे उसात रानडुक्कर शिरलं, की रात्रभराची जागल आलीच. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला मारायचं, तर वनखात्याची परवानगी लागते. पण गोळी लागून ते पळालं तर? उसात दडलेलं जखमी डुक्कर उलटून अंगावर येतं. त्याच्यामागे एकट्याने जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

जर्मनीत अशा जखमी जनावरांचा माग काढायला खास शिकवलेली कुत्री असतात. तिथे लगेच मागावर जात नाहीत, बहुधा काही तास थांबतात. पाठलाग झाला नाही, तर जखमी जनावर जवळच कुठेतरी बसतं. मग लांब दोरीला बांधलेलं कुत्रं जमिनीला नाक लावून निघतं. नुसत्या रक्ताचा नाही, तर खुरांमधल्या ग्रंथींचा अन् चिरडलेल्या गवताचाही वास ते धरतं. रक्ताचे थेंब संपले तरी ते थांबत नाही.

आपला कारवान जातीचा कुत्रा वेगळा. तो नजरेने शिकार हेरतो आणि सशामागे वाऱ्यासारखा सुटतो. कुत्रं कितीही रुबाबदार असो, 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार गुन्हाच आहे.

कुत्र्याच्या नाकाचा खरा उपयोग आपल्याकडे वनखात्याने करून घेतला. मेळघाट, पेंचमधली श्वानपथकं चक्क शिकाऱ्यांच्याच मागावर असतात!

तेव्हा शेतात जखमी काळवीट वा डुक्कर दिसलं, तर त्यावर कुत्री सोडू नका. लांबूनच लक्ष ठेवा आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.