काडतुसे भरण्याचे यंत्र कोणते घ्यावे?

आपल्या खानदेशात ‘प्रेस’ हा शब्द उच्चारला की जळगाव-धुळ्याच्या माणसापुढे रुईच्या गाठी बांधणारा कारखाना उभा राहतो. आज मी ज्या प्रेसविषयी बोलणार आहे, ती मेजाच्या कडेस चार खिळ्यांनी बसते आणि तिच्यातून बाहेर पडते ते बारा बोरच्या बंदुकीचे काडतूस. शाळामास्तराने हा विषय का घ्यावा, ही शंका रास्त आहे. गेल्या हिवाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतातून गावी आला होता. तिकडे तो दर रविवारी उडत्या चकत्यांवर नेम धरतो. या चकत्यांना मातीची पाखरे म्हणतात. वस्तुतः त्या डांबर आणि चुनखडीच्या भुकटीच्या असतात. एका डावात पंचवीस बार. झडलेली काडतुसे पुन्हा घरी भरावीत, असे त्याच्या मनात आले, आणि आमच्या घराण्यात हा उद्योग एकेकाळी चालत असे हे ठाऊक असल्यामुळे त्याने मला दोन प्रश्न विचारले. स्वतःसाठी यंत्र कोणते घ्यावे, हा पहिला. यावल तालुक्यात केळीचे मळे राखणाऱ्या आपल्या थोरल्या भावासाठी पुढच्या खेपेस कोणते आणावे, हा दुसरा.

प्रथम ‘बारा बोर’ म्हणजे काय ते सांगतो. नळीच्या तोंडात नेमकी बसेल अशी शिशाची गोळी ओतली आणि तशा बारा गोळ्या एक पौंड भरल्या, तर ती नळी बारा बोरची. म्हणून वीस बोरची नळी बाराहून अरुंद असते, हे पुष्कळांस उलटे वाटते.

आमचे धाकटे आजोबा, ज्यांना सारा गाव नाना म्हणे, रानडुकरांपासून भुईमूग राखण्यासाठी परवान्याची दुनळी बाळगीत. पितळी नळ्या वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा भरल्या जात. साहित्य थोडके असे : जुनी टोपी काढावयाची सळई, नवी बसवावयाची चिमटी, दारूचे पितळी माप, नमद्याचे डाट, लाकडी ठासणी, आणि कागदी नळी असल्यास तिची कड आत वळविण्याचे, हाताने फिरवावयाचे एक लहानसे यंत्र. काळी दारू होती तोवर हे सारे बिनधोक चाले. काळी दारू जागा फार व्यापते. चुकून दोनदा माप ओतले, तर छऱ्यांस जागाच उरत नाही आणि चूक आपोआप उघडी पडते.

पुढे बिनधुराची दारू आली. तीत दोन जाती होत्या. एक हलकी व फुगीर, काळ्या दारूच्याच मापाने मोजता येईल अशी मुद्दाम बनविलेली. दुसरी दाट, जी त्याच कामास कितीतरी कमी लागे. त्यात भर अशी की, काडतुसांच्या खोक्यांवर ‘तीन ड्रॅम’ असे छापलेले असे. त्याचा अर्थ आतील दारू तीन ड्रॅम वजनाची आहे असा नव्हे, तर तीन ड्रॅम काळ्या दारूइतका तिचा जोर आहे असा. हा भेद न कळल्याने देशोदेशी बंदुका फुटल्या आहेत. नानांनी काही वर्षे फुगीर दारू जुन्या मापाने भरली, काही झाले नाही. १९४६ साली मुंबईहून आलेला डबा दाट जातीचा निघाला. माप तेच राहिले. उजवी नळी पुढच्या लाकडाजवळ उकलली आणि डाव्या हाताची दोन बोटे गेली. आम्हां मुलांना पाढे शिकविताना ते उरलेल्या तीन बोटांवरच मोजीत.

नानांचा दोष आळसाचा नव्हता. ते अत्यंत टापटिपीचे गृहस्थ होते. मापाने आयतन मोजले जाते, वजन नव्हे, एवढी एकच गोष्ट त्यांच्या ध्यानातून निसटली. विद्यार्थ्याने यंत्रांची चित्रे दाखविली, तेव्हा मी पहिली चौकशी केली ती याचीच. उत्तर अपेक्षेप्रमाणे निघाले. नव्या यंत्रांतही दारू मोजते ते एक भोकच. डोक्यावरच्या बाटलीतून दारू त्या भोकात उतरते, दांडी सरकली की खाली नळीत पडते. नानांचे पितळी माप निदान डोळ्यांपुढे होते. हे झाकलेले.

त्याच्या मनात होते ते फिरते यंत्र. त्यात अनेक नळ्या एका चक्रावर बसतात आणि दांडा एकदा ओढला की प्रत्येक नळी एक घर पुढे सरकून एक तयार काडतूस बाहेर येते. वेग मोठा मोहक आहे. परंतु बाटलीत दारू संपत आली, किंवा ओलाव्याने अडकली, तर कळेपर्यंत चार-सहा रिकामी काडतुसे तयार मालात मिसळून जातात. दारूविना नुसत्या टोपीने उडालेले काडतूस डाट नळीत अडकवून ठेवते, आणि मागचा बार त्या डाटावर आदळून नळी फोडतो. म्हणजे कमी दारूही जास्तीइतकीच घातक ठरू शकते.

दुसरी जात एकेरी यंत्रांची. एकच नळी हाताने एका घरातून दुसऱ्या घरात न्यावयाची : टोपी काढणे, नवी बसविणे, दारू, डाट, छर्रे, आणि शेवटी तोंडाच्या घड्या. मेव्हिल येथील मेक कंपनीचे ‘सहाशे ज्युनियर’ हे या जातीचे पोलादी यंत्र. हार्टफर्ड येथील ली कंपनीचे ‘लोड-ऑल’ हे त्याहून हलके, स्वस्त आणि पुष्कळसे प्लॅस्टिकचे. दोन्ही गावे विस्कॉन्सिनमध्येच आहेत. ली कंपनीचा आरंभ १९५८ सालच्या एका हातसाधनापासून झाला, जे आमच्या नानांच्या साहित्याचेच सुधारलेले भावंड म्हणावे. मी त्यास म्हटले, “बाबा रे, रविवारी तू चार डाव खेळणार, म्हणजे शंभर काडतुसे. ती एका संध्याकाळी एकेरी यंत्रावर सहज होतात. मग घाई कशाची?” डाट घालण्यापूर्वी नळीत डोकावून दारूची पातळी पाहता येते, आणि डाट नेहमीपेक्षा वर राहिला तर हातालाच कळते. या दोन गोष्टींसाठी एकेरी यंत्र घ्यावे. मेक की ली हा प्रश्न पैशाचा आणि टिकाऊपणाचा आहे. एकाच बंदुकीत झडलेल्या नळ्या भरावयाच्या असतील तर हलके यंत्र पुरते. निरनिराळ्या बंदुकांतील नळ्या गोळा केल्या असतील, तर त्यांचा पितळी बूड फुगलेला असतो. तो मूळ मापावर आणणारे मेकचे ‘साइझमास्टर’ बरे.

यंत्राइतकाच खर्च त्याने तराजूवर करावा, असा मी आग्रह धरला. यंत्राने टाकलेली दारू आरंभी दहा-वीस वेळा तोलून पाहावी, मधूनमधून पुन्हा पाहावी. नळी, टोपी, दारू, डाट आणि छर्रे यांचा मेळ दारू बनविणाऱ्याच्या पुस्तकात दिलेला असेल तोच ठेवावा. त्यातील एक वस्तू पदरची घालू नये. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीस १९९१ पासून शिशाचे छर्रे देशभर बंद आहेत. तेथे पोलादी छर्रे लागतात, आणि त्यांचा डाट व दारूचा हिशेब संपूर्ण निराळा. पैसे वाचतील काय, असेही त्याने विचारले. बारा बोरमध्ये फारसे नाहीत. अठ्ठावीस आणि चारशे दहा या बारीक नळ्यांत खरी बचत. आणि शिसे हाताळल्यावर हात धुतल्याखेरीज तंबाखू मळू नये. हे शेवटचे मी त्याच्या भावाकडे पाहून सांगितले.

आता भावाचा प्रश्न. त्याची अडचण खरी आहे. रानडुकरे एका रात्रीत केळीची नवी लागवड उखडतात, आणि काडतुसे मिळविण्यासाठी हेलपाटे पडतात. तथापि १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच तो बनविण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे ते यंत्र, दारूचा कणही नसता, कायद्याच्या दृष्टीने दारूगोळाच होय. आणि परवान्याशिवाय दारूगोळा बनविणे हा गुन्हा. बंदुकीचा परवाना हा काडतुसे बनविण्याचा परवाना नव्हे. सामानात घालून आणलेली ही भेट दोघां भावांस न्यायालयाची पायरी दाखवील. खडकीच्या १८६९ सालच्या कारखान्यात बारा बोरची काडतुसे बनतात, ती परवानाधारक विक्रेत्याकडून परवान्यावर लिहिलेल्या संख्येत घ्यावी. डुकरावर बंदूक उचलण्यापूर्वी १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी लागते, ती निराळीच.

थोरला भाऊ रागावला. “सर, डुक्कर कायदा वाचून येतं का?” असे म्हणाला. मजपाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही. मी त्यास एवढेच सांगितले की, नाना वारल्यावर दुनळी पोलीस ठाण्यात जमा केली, त्याच दिवशी ते पितळी माप आणि कड वळविण्याचे यंत्रही माझ्या वडिलांनी तेथेच ठेवून दिले. धाकट्याने परत गेल्यावर सहाशे ज्युनियर घेतले. तराजू मात्र, असे त्याच्या पत्रावरून कळते, दोन महिन्यांनी घेतला.