सकाळचा रेडिओ कोणाचा?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या बैठकीपुढे विषय आहे, आपण आपले रेडिओ केंद्र काढावे काय? पुष्कळांनी विचारले, ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल असताना रेडिओ कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला लांबचा एक दाखला सापडला, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराचा.

तिथे थ्री-सी-आर नावाचे केंद्र १९७६ साली सुरू झाले. ते सरकारचे नाही आणि कोण्या शेठजीचेही नाही. कामगार संघटना आणि वस्त्यांतली मंडळे सभासद झाली आणि त्यांनी मिळून ते चालवले. सोमवार ते शुक्रवार सकाळी सातला त्यांचा न्याहारीच्या वेळचा कार्यक्रम लागतो, तो साडेआठपर्यंत चालतो. संप का झाला, घरभाडे का वाढले, मूळनिवाशांच्या जमिनीचे काय झाले, हे त्या त्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळते.

ती माणसे शहरातली, त्यांचे प्रश्न वेगळे. पण हा कार्यक्रम वर्षानुवर्षे चालला कसा, ते आपल्या उपयोगाचे आहे.

पहिले कारण, माणसे. रोजची टोळी वेगळी. सोमवारची मंडळी मंगळवारी येत नाहीत. बहुतेक सगळे बिनपगारी, आपापला कामधंदा सांभाळून येणारे. रोज पहाटे उठायचे ओझे एकाच माणसावर टाकले तर तो वर्षभरात थकतो आणि कार्यक्रम बंद पडतो. आपल्याकडे सावडीने पेरण्या उरकतात, तशी ही सावड आहे.

दुसरे कारण, पैसा. दरसाल जून महिन्यात हे केंद्र ऐकणाऱ्यांकडेच वर्गणी मागते. ज्याला ऐकायचे आहे तो देतो. जो पैसा देतो त्याचाच शब्द चालतो, हे आपल्याला बाजारात शिकायला मिळाले आहे. रेडिओचेही तेच.

आता आपल्या देशाचे पाहू. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. निकाल लागला, पण दार लगेच उघडले नाही. २००२ साली शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली. स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रे यांच्यासाठी २००६ चा नोव्हेंबर उजाडावा लागला. २००८ मध्ये तेलंगणातल्या माचनूर गावी दलित बायकांनी संगम रेडिओ सुरू केला. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी लागली. म्हणजे हे काम खेड्यातल्या माणसाला जमते.

अडचण बातमीची आहे. मेलबर्नची मंडळी सकाळी चालू घडामोडींवर मोकळेपणी बोलतात. आपल्याकडे अशा केंद्राला स्वतःची बातमी देता येत नाही. आकाशवाणीची बातमी जशीच्या तशी लावायची, एवढीच मुभा. हवामान, वीज, पाणीपुरवठा, नैसर्गिक आपत्ती, रोगराईचा इशारा, यांची माहिती मात्र देता येते. वीज किती वाजता येणार ते सांगायचे. ती का आली नाही, याची बातमी मात्र करायची नाही! ही अट बदलून घ्यावी लागेल. पण ती बदलेपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. पहाटे धार काढताना, चुलीपुढे भाकरी थापताना आपल्याला काय हवे असते? पाऊस येईल का, वीज कधी, पाणी कधी. जे सांगायची मुभा आहे, त्यातच सकाळचा अर्धा कार्यक्रम तयार आहे.

मोबाईलचे उत्तरही इथेच आहे. धार काढताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. आणि मोबाईलवर आलेला निरोप कोणी पाठवला, खरा की खोटा, याला जबाबदार कोणी सापडत नाही. रेडिओवर चुकीचे बोलणारा आपल्याच भागातला असतो, आठवडी बाजारात त्याला धरून विचारता येते.

केंद्राचा आवाका दहा-बारा किलोमीटरचा. सबंध जिल्हा त्यात बसणार नाही, आसपासची गावे बसतील. परवाना राजकीय पक्षाला मिळत नाही. नोंदलेली, निदान तीन वर्षे काम केलेली, नफा न कमावणारी संस्था लागते. अशी संस्था शोधता येईल, यंत्रही विकत मिळेल. पहाटे उठणारी माणसे विकत मिळत नाहीत.

म्हणून आमची सूचना अशी. अर्ज नंतर करू. आधी ज्या गावांना केंद्र हवे आहे त्यांनी पाच दिवसांच्या पाच टोळ्या नावानिशी ठरवाव्यात. प्रत्येक टोळीत निदान दोन बाया असाव्यात, कारण घरात सगळ्यांच्या आधी त्याच उठतात. आणि वर्षाची वर्गणी किती घरे देणार, याची यादी करावी. पुढच्या बैठकीला या दोन याद्या आल्या, तर रेडिओ निघेल आणि टिकेल. याद्या आल्या नाहीत, तर अनुदानावर केंद्र निघेलही, पण ते अनुदान देणाऱ्याचे असेल.