लेखकाचा कान

कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला लोक हमखास विचारतात असा एक प्रश्न आहे : "तुम्हांला हें सारें सुचतें तरी केव्हां?" विचारणाराची अपेक्षा अशी असते, कीं मी पहाटेचें चांदणें, नदीकांठची संध्याकाळ, निदान झोपाळ्यावरची एकांताची घटका असें कांहीं तरी सांगेन. मी मात्र "मेजाशीं बसल्यावर सुचतें" एवढेंच उत्तर देतों आणि त्याची निराशा करतों. पन्नासांहून अधिक वर्षें लिहीत आलों, तरी यापेक्षां काव्यमय उत्तर मला सांपडलेलें नाहीं. लेखनाची शिस्त आणि वाचन या विषयावर आज बोलावयाचें आहे, तेव्हां या रूक्ष उत्तरापासूनच आरंभ करतों. परंतु तें उत्तर अर्धेंच खरें आहे, आणि उरलेलें अर्धें मला फार उशिरां कळलें, हेंहि आज सांगून टाकावयाचें आहे.

शिस्तीची गोष्ट निघाली कीं मला अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार आठवतो. टपालखात्यांतील नोकरी सांभाळून त्यानें कादंबऱ्या लिहिल्या. त्यांची संख्या ४७ भरते. पहाटे साडेपांचला तो मेजाशीं बसे, घड्याळ समोर ठेवी आणि दर पाव तासास २५० शब्द असा हिशेब राखी. १८८२ सालीं तो वारला. पुढच्या वर्षीं त्याचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें आणि हा हिशेब उघड झाला. घड्याळाकडे पाहून लिहिलेलें तें वाङ्मय कसलें, असें म्हणून अनेकांनीं नाकें मुरडलीं, आणि त्याच्या कीर्तीला कित्येक वर्षें ओहोटी लागली. तथापि त्याच आत्मचरित्रांत एक मजकूर आहे, त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. रोजच्या तीन तासांपैकीं पहिला अर्धा तास ट्रॉलप नवें कांहींच लिहीत नसे. आदल्या दिवशीं लिहिलेलें तो वाचून पाही, आणि शब्दांचा नाद कानानें तोलून पाही. घड्याळ लोकांनीं पाहिलें. कान मात्र कोणीं पाहिला नाहीं.

आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचें तर हरिभाऊ आपट्यांचें घ्यावें लागेल. १८९० सालीं त्यांनीं 'करमणूक' हें साप्ताहिक काढलें आणि तें पंचवीसांहून अधिक वर्षें चालविलें. 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्यांतूनच प्रकरणाप्रकरणानें बाहेर पडली. साप्ताहिकाची कादंबरी लिहिणें म्हणजे काय, याची कल्पना ज्यानें हा उद्योग केला आहे त्यालाच येईल. घरीं दुखणें असो, पाहुणे असोत, मन उदास असो, ठरलेल्या दिवशीं मजकूर छापखान्यांत गेलाच पाहिजे. मागील प्रकरण छापून वाचकाच्या हातीं गेलेलें असतें; तें मागें घेतां येत नाहीं. या घाईचे दोष हरिभाऊंच्या लेखनांत आहेत. पाल्हाळ आहे, आणि कांहीं कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. तरीसुद्धां हा माणूस सवडीची वाट पाहत बसला असता, तर मराठी कादंबरी किती दिवस पोरकी राहिली असती याचा विचार करावा.

यावर कोणी साने गुरुजींचें नांव घेईल. १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं 'श्यामची आई' अवघ्या पांच दिवसांत लिहिली. तेथें कसलें घड्याळ आणि कसलें रोजचें पान? गोष्ट खरी आहे. परंतु तें पुस्तक पांच दिवसांत कागदावर उतरलें, एवढाच त्याचा अर्थ. बालपणीं आईचे शब्द ज्या कानांनीं ऐकले, त्या कानांनीं ते वीसपंचवीस वर्षें जपून ठेवले होते. शिस्त तेथेंहि होती. ती हाताची नव्हती, कानाची होती.

हा कानाचा मुद्दा मी पुनःपुन्हां कां काढतों, तें सांगण्यासाठीं मला माझ्या घरांतील एका व्यक्तीची ओळख करून दिली पाहिजे. ती माझ्या वडिलांची आत्या. आम्ही मुलें तिला आत्याआजी म्हणत असूं. अकराव्या वर्षीं तिला वैधव्य आलें, आणि तेव्हांपासून ती आमच्याच घरीं होती. अंगावर अलवण, डोक्यावरून पदर, आणि हात सदैव कामांत. तिला वाचतां येत नव्हतें. आम्ही ठाण्यास राहत होतों. तेथील मराठी ग्रंथसंग्रहालय हें १८९३ सालचें. वडिलांच्या नांवावर मी तेथून पुस्तकें आणीत असें आणि रात्रीं जेवणें झाल्यावर तिला वाचून दाखवीत असें. ती वाती वळीत ऐके. मध्येंच म्हणे, "थांब. तेवढें पुन्हां वाच." मला पुढें जाण्याची घाई, आणि ती मला मागें नेई. एखादें वाक्य दुसऱ्यांदा मोठ्यानें वाचलें कीं तें पोकळ आहे कीं भरीव, हें आपोआप कळतें. वाङ्मयाचे पुढें जे पाठ मी घेतले, त्यांत याहून मोठा पाठ मला मिळालेला नाहीं.

१९५७ सालच्या पावसाळ्यांत मीं 'पण लक्षांत कोण घेतो' आणलें. मी बारा वर्षांचा होतों. पुस्तक काय आहे हें मला ठाऊक नव्हतें. यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते, अशी त्या कादंबरीची रचना आहे. यमूच्या केशवपनाच्या प्रसंगापर्यंत आम्ही आलों, तेव्हां आत्याआजीचे हात थांबले. कापूस तसाच हातांत राहिला. ती रडली नाहीं. "आज पुरे," एवढेंच म्हणाली. दोन दिवस तिनें पुस्तकाचें नांव काढलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं दिवेलागणीनंतर आपण होऊन म्हणाली, "वाच पुढें."

पुस्तक संपलें त्या रात्रीं तिनें विचारलें, "लिहिणारी बाई कोण रे?"

मीं पहिलें पान उघडून सांगितलें, "बाई नव्हे, आत्याआजी. हरि नारायण आपटे म्हणून एक गृहस्थ होते."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पुरुष? मग त्याला कसें कळलें?"

या प्रश्नाचें उत्तर मजजवळ नव्हतें. तें शोधावयास हवें होतें. मीं तें शोधलें नाहीं. मी लेखक झालों.

१९७१ सालीं माझी पहिली कादंबरी लिहून झाली. नायिका विधवा होती, आणि लिहितांना डोळ्यांपुढें आत्याआजीच होती, हें सांगावयास नकोच. त्या वेळीं माझी शिस्त कडक होती. रोज पहाटे उठून चार पानें, एकाहि दिवसाचा खंड नाहीं. वर्षभरांत पुस्तक पुरें केलें, याचा मला कोण अभिमान! छपाईचीं मुद्रितें घरीं आलीं, तेव्हां मीं तीं आत्याआजीला वाचून दाखविलीं. ती ऐंशीच्या घरांत होती. ऐकूं मात्र उत्तम येत होतें. नायिका आपलें दुःख सांगते अशीं तीन-चार लांबलचक भाषणें मीं मोठ्या हौसेनें घातलीं होतीं. तीं झाल्यावर आत्याआजी म्हणाली, "भाषा छान आहे रे तुझी. पण ही बाई फार बोलते. एवढें बोलायला मिळालें असतें, तर आम्हांला रडायला कशाला हवें होतें?"

मी हंसलों. म्हातारपणामुळें तिला नवें लेखन उमगत नाहीं, अशी मीं माझी समजूत घातली. मुद्रितें माझ्या हातांत होतीं. तीं भाषणें मला काढतां आलीं असतीं, पुस्तक थांबवितां आलें असतें. मीं दोन ठिकाणीं विरामचिन्हें बदललीं आणि मुद्रितें परत पाठविलीं. पुस्तकाचें स्वागत चांगलें झालें. परीक्षणकर्त्यांनीं नेमकीं तींच भाषणें वाखाणलीं. १९७३ सालीं आत्याआजी वारली. तिच्या मागें तिची एक पत्र्याची पेटी आणि नांव घातलेला पितळी तांब्या, एवढीच चीजवस्तु निघाली. पेटी उघडतांना माझ्या ध्यानांत आलें, कीं अठ्ठावीस वर्षें एका छपराखालीं राहून मीं या बाईला तिच्या आयुष्याविषयीं एकहि प्रश्न विचारला नव्हता. तिच्यावर मीं तीनशें पानें लिहिलीं होतीं.

श्रोतेहो, त्या दिवसापासून माझ्या शिस्तीचा अर्थ बदलला. मी अजूनहि सकाळीं ठरल्या वेळीं मेजाशीं बसतों, कारण बसल्यावांचून लिहून होत नाहीं. परंतु पानें मोजणें मीं सोडलें. आदल्या दिवशींचें पान प्रथम मोठ्यानें वाचतों. पात्राच्या तोंडून माझाच आवाज ऐकूं येऊं लागला, तर तें वाक्य कितीहि सुंदर असो, त्यावर काट मारतों. ज्या माणसांविषयीं लिहावयाचें त्यांच्याकडे जातों, विचारतों, आणि मुख्यतः गप्प बसतों. एका पानासाठीं कधीं कधीं महिना जातो. लेखनिकाच्या बाबतींत एक आठवण येथें सांगण्याजोगी आहे. खांडेकरांची दृष्टि प्रथमपासून अधू. उतारवयांत ती पुरतीच गेली, तरीहि ते दुसऱ्याला सांगून लिहवीत राहिले. डोळे गेल्यावरहि लेखन चालूं शकतें. कान बंद ठेवून लिहिलेलें मात्र मीं स्वतः छापून पाहिलें आहे.

वाचनाविषयीं थोडेंसें. हल्लीं कादंबऱ्या मोबाईलवर ऐकतां येतात, आणि 'हें वाचन नव्हे' अशी कांहीं जाणत्यांची तक्रार आहे. मला ती पटत नाहीं. एकानें वाचावें आणि घरानें ऐकावें, ही आपली जुनीच रीत. पोथीहि अशीच ऐकली गेली. उणीव असलीच तर एवढीच, कीं यंत्राला "थांब, तेवढें पुन्हां वाच" असें म्हणण्यास आपण विसरतों. पुस्तकें किती वाचलीं याचा हिशेब मीं ठेवलेला नाहीं. कोणत्या पुस्तकाशीं थांबलों, तेवढें मात्र आठवतें.

माझी ती पहिली कादंबरी आज बाजारांत मिळत नाहीं. पुन्हां काढावी म्हणून दोनदां विचारणा झाली. मीं नकार दिला. त्यानंतर बरीच पुस्तकें लिहिलीं. एखाद्या वाचकाचें पत्र आलें कीं तें उघडतांना अजून मनांत येतें, कीं यांत तो प्रश्न असेल : "तुम्हांला कसें कळलें?" कौतुकाचीं पत्रें येतात, आणि त्यांचा आनंदहि होतो. तो प्रश्न अजून कोणीं विचारलेला नाहीं. म्हणून उद्यां सकाळीं पुन्हां मेजाशीं बसणार आहे.

माझी वेळ संपत आली. आपल्या घरीं ज्यांना वाचतां येत नाहीं किंवा ज्यांच्यानें आतां वाचवत नाहीं असें कोणी वडीलधारें असेल, तर आज रात्रीं त्यांना चार पानें वाचून दाखवा. आणि मध्येंच त्यांनीं थांबविलें, तर थांबा.