सुई त्यांची, दंड आमचा
(भंडाऱ्यात तरुणांपुढं केलेलं भाषण)



गाव माझं याच जिल्ह्यातलं, पोट मुंबईच्या गोदीत. शिक्षण मॅट्रिक. डॉक्टर नाही, वकील नाही, कविता लिहितो. पण फाटक कुणाला उघडलं आणि कुणाच्या तोंडावर बंद झालं, एवढं कळतं.

२०२१ साली अमेरिकेत बायडन सरकारनं शंभर आणि त्यावर कामगार असलेल्या कंपन्यांत लस किंवा दर आठवड्याला तपासणी, अशी सक्ती आणली. राज्यांचे गव्हर्नर खवळले, कोर्टात गेले. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं ती सक्ती रोखली. आपल्याकडं उलटी गंगा. केंद्र सुप्रीम कोर्टात म्हणालं, लस ऐच्छिक आहे. सक्ती केली राज्यानं.

आता हिशेब मांडू. एप्रिल २०२१. राजेश टोपे म्हणाले, साठा तीन दिवसांचा उरलाय. दिल्लीतून हर्षवर्धन म्हणाले, महाराष्ट्र अपयश झाकतोय. १ मेपासून अठरा ते चव्वेचाळीस वयाचं ओझं केंद्रानं राज्यांवर ढकललं. तीच कोव्हिशिल्ड केंद्राला १५० रुपयांना, राज्याला ३०० ला, खाजगी दवाखान्याला ६०० ला. मेच्या मध्यावर लस नाही म्हणून महाराष्ट्रानं आमच्या वयाचं लसीकरणच थांबवलं. २१ जूनपासून केंद्रानं पुन्हा सगळ्यांना फुकट लस द्यायला घेतली. कोव्हिशिल्डच्या दोन डोसांत अंतर ८४ दिवसांचं. पहिल्याच दिवशी नंबर लागला तरी दुसरा डोस १३ सप्टेंबरला, वर चौदा दिवस थांबायचं.

आणि दोन डोसवाल्यांना लोकल खुली झाली कधी? १५ ऑगस्टला!

खाजगीत कोव्हॅक्सिन १४१० ला एक, दुसरा अठ्ठावीस दिवसांनी. म्हणजे २८२० रुपये मोजणारा गाडीत, गोणी उचलणारा बाहेर. मी बस बदलत बदलत गोदीत जायचो. बस खच्चून भरलेली. करोना काय बसला भितो?

बाबासाहेबांच्या घटनेत सार्वजनिक आरोग्य राज्यांच्या यादीत आहे. साथ एका राज्यातून दुसऱ्यात जाऊ न देणं दोघांच्या यादीत. याद्या जबाबदारीसाठी होत्या, यांनी ढकलाढकलीसाठी वापरल्या. २ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, कुणालाही जबरदस्तीनं लस टोचता येणार नाही, हा कलम २१ चा हक्क आहे.

पण त्या निकालावर नाचत 'लस नको' म्हणणाऱ्यांत आपण नाही. देवीचा रोग अंगाऱ्यानं गेला नाही, लशीनं गेला. लस नाकारायचा हक्क हवाच. पण ज्याला ती मिळतच नाही, तो नाकारणार काय? आधी वस्तीत लस आणा, मग आमच्याकडं प्रमाणपत्र मागा.

९ जानेवारी २०२१ ला याच शहरात जिल्हा रुग्णालयाला आग लागून दहा नवजात लेकरं गेली. आठवड्यानं, १६ जानेवारीला, देशात लसीकरण सुरू झालं. आमचं प्रमाणपत्र तपासणारे हो, तुमच्या दवाखान्याचं सुरक्षेचं प्रमाणपत्र आम्हाला दाखवा!

दोस्तहो, लस घ्या. एक दंड सुईपुढं करा. दुसरा हात मोकळा ठेवा, जाब विचारताना कॉलर धरायला लागतो.

जय भीम!