नोकरीतील ताण : हृदय आणि मज्जासंस्था
(अकोटा, वडोदरा येथील व्याख्यान)



अकोट्यात सयाजीराव महाराजांच्या नावाचे नगरगृह उभे आहे. ग्रंथालयाच्या सोहळ्यात महाराजांचे नाव निघतेच. आज मात्र ते निराळ्या कारणाने निघत आहे. १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, कवळाण्याचा हा मुलगा गादीवर आला. १८८१ च्या अखेरीस राज्याचे पूर्ण अधिकार त्याच्या हाती आले. पुढे काही वर्षांतच अतिश्रमाने महाराजांची प्रकृती ढासळली, निद्रानाश जडला आणि १८८७ साली प्रकृतीसाठी त्यांनी युरोपचा पहिला प्रवास केला.

ताणाच्या प्रसंगी शरीरात काय घडते? संकटाची चाहूल लागताच मेंदू अनुकंपी मज्जासंस्थेला इशारा देतो. अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन स्रवते. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. पाठोपाठ कॉर्टिसॉल रक्तातील साखर वाढविते. वाघ समोर आला असता हीच योजना प्राण वाचविते. संकट टळताच परानुकंपी मज्जासंस्था हृदयाला पुन्हा संथ गतीवर आणते. परंतु कचेरीतला वाघ टळत नाही; तो रात्री उशापर्यंत येतो. मग झोप तुटते, रक्तदाब चढा राहू लागतो, रोहिण्यांच्या अस्तराला इजा पोहोचते आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. त्यात तंबाखू व बैठी सवय यांची भर पडली की हृदयविकाराचा मार्ग मोकळा होतो.

हा विकार मोठ्या अधिकाऱ्यांचा, असा सर्वसाधारण समज आहे. लंडनच्या सरकारी नोकरांची १९६७ पासून झालेली पाहणी नेमके उलट सांगते. तेथे सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू वरिष्ठांच्या तिपटीहून अधिक आढळले. धूम्रपान, रक्तदाब इत्यादी कारणे जमेस धरूनही या तफावतीचा पुरता उलगडा होईना. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत त्याचे एक उत्तर मिळाले : आपल्या कामावर आपलाच ताबा नसणे. मागणी भारी आणि अधिकार शून्य, ही जोडी हृदयाला सर्वाधिक जाचते. कामाचे तासही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. आठवड्याला ५५ वा अधिक तास राबणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली नमूद केले.

महाराजांना विश्रांतीसाठी सागरापार जाता आले. पुढे ते पंचाहत्तरीपर्यंत जगले. रात्रपाळीच्या कामगाराला किंवा साहेबाच्या घंटेवर उठणाऱ्या कारकुनाला ती मुभा कुठली? म्हणून त्याला ‘मन शांत ठेव’ एवढेच सांगणे हा उपचार नव्हे. ठरलेले तास, हक्काची रजा, पाळ्यांची आगाऊ सूचना आणि कामाविषयी बोलण्याची सोय, ही औषधे मालकाच्या हाती आहेत. नियमित चालणे, पुरेशी झोप, तंबाखूचा त्याग आणि रक्तदाबाची वेळोवेळी तपासणी ही ज्याची त्याच्या हाती.

एक गोष्ट मात्र प्रत्येक घराने ध्यानी धरावी. छातीत दडपण येऊन हात वा जबडा दुखू लागला, घाम फुटला, तर ‘कामाचा शीण आहे’ म्हणून झोपू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. रजेचा अर्ज मागाहूनही देता येतो.