लाल बावटा कलापथकाची सर्वश्रेष्ठ रचना कोणती?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही कामगार-कायद्यावर बोलू अशी त्यांची समजूत असावी. कायदा महत्त्वाचा खराच. पण दिवसभर राबून आलेल्या माणसाला संध्याकाळी पुन्हा कलमे ऐकवणे बरे नव्हे. म्हणून आम्ही गाण्याचा विषय घेतला. आमच्या युनियनच्या कचेरीत कामकाज आटोपले आणि चहा आला की एक वाद हटकून निघतो. लाल बावटा कलापथकाची सर्वांत चांगली रचना कोणती, हा तो वाद. आज तो आपल्यापुढे मांडतो. आमचे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयाच्या बाकावरच अधिक झाले. तेव्हा भाषेत उणेअधिक झाल्यास सांभाळून घ्यावे.

प्रथम हे कलापथक म्हणजे काय, ते तरुण मंडळींसाठी सांगितले पाहिजे. १९४४ साली मुंबईत ते उभे राहिले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ही त्यातली तीन मुख्य माणसे. अण्णा भाऊ वाटेगावचे. शाळा जवळजवळ नाहीच, पायी चालत मुंबईला आले आणि गिरणीत राबले. अमर शेख बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, आणि तेही कामगारांतूनच वर आलेले. या मंडळींनी डफ, तुणतुणे घेतले आणि चाळीच्या पटांगणात, गिरणीच्या दारात, शेतकऱ्यांच्या सभेत रंग भरला. जुन्या तमाशाच्या आरंभी गणपतीचे स्तवन असे. त्या जागी अण्णा भाऊंनी मायभूमीला आणि शिवछत्रपतींना वंदन घातले. कृष्ण आणि गौळणींचा भाग त्यांनी गाळला. सरकारची वक्रदृष्टी तमाशावर वळली, तेव्हा त्याच खेळाला ‘लोकनाट्य’ हे नाव मिळाले आणि ते मराठीत कायमचे रुजले.

आता वाद. आमच्याकडे त्याचे तीन पक्ष आहेत.

पहिला पक्ष जुन्या कार्यकर्त्यांचा. ते म्हणतात, ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ श्रेष्ठ. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. १९४२ च्या उन्हाळ्यात सुरू झालेली ती लढाई १९४३ च्या फेब्रुवारीत संपली, आणि हिटलरची आगेकूच तिथे अडली. हजारो कोस दूरच्या त्या नगरीचे युद्ध एका मराठी कामगाराने पोवाड्याच्या साच्यात बसवले. ज्या साच्यात तानाजी आणि सिंहगड गायला गेला, त्यात व्होल्गाकाठचा कामगार उभा केला. जग आपले आहे, हे गिरणीतल्या माणसाला कोणत्या पुस्तकाने इतक्या सोप्या रीतीने सांगितले असते?

दुसरा पक्ष वगनाट्यांचा. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘मुंबई कुणाची?’ ही नावे ते घेतात. पोवाडा ऐकून छाती फुगते, पण वग पाहून डोके चालते, असे त्यांचे सांगणे. सावकार, शेटजी, पुढारी यांना माणूस एकदा पोट धरून हसला, की दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे त्याची मान तितकीशी वाकत नाही. संघटनेचे काम करणाऱ्याला याची किंमत कळते. भीती घालवायला भाषणापेक्षा हसू लवकर उपयोगी पडते.

तिसरा पक्ष ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीचा. आणि आम्ही त्या पक्षाचे आहोत.

का, ते सांगतो. रचनेची पारख करताना तिचा विषय केवढा मोठा, हे माप आम्ही मानत नाही. आमचे माप निराळे आहे. ज्या कारणासाठी गाणे रचले ते कारण मागे पडल्यावर त्या गाण्यात माणूस उरतो की नाही, ते पाहावे. स्टालिनग्राडचे नाव १९६१ साली बदलून व्होल्गोग्राड झाले. १९९१ साली सोव्हिएत संघही राहिला नाही. पोवाड्याचा मान त्यामुळे कमी होत नाही. पण आज तो ऐकणाऱ्याला आधी इतिहास समजावून द्यावा लागतो. वगनाट्यांतील टोपी आजच्या पुढाऱ्यालाही बसते, हे खरे. तरी वगाचा अर्धा जीव नटाच्या हजरजबाबीपणात असतो. तो छापील पुस्तिकेत सापडत नाही.

मैनेचे तसे नाही. पोटासाठी एक माणूस मुंबईला येतो. बायको गावी राहते. तिच्या रूपाची, तिच्या निरोपाची आठवण काढत तो या शहरातली श्रीमंती आणि दारिद्र्य पाहतो. येथवर ती साधी विरहाची लावणी वाटते. मग गाणे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शिरते. १९५५ च्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, आणि पुढे लढ्यात १०६ हुतात्मे पडले, ते दिवस आपल्याला ठाऊक आहेत. शेवटी शाहीर म्हणतो की, माझी आणि मैनेची जशी ताटातूट, तशीच बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव तुटलेल्या महाराष्ट्राची. घरचे दुःख आणि राज्याचे दुःख यांत कुठे सांधा दिसत नाही. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. हे चार भाग आले नाहीत. म्हणजे मागणी अर्धी पुरी झाली, अर्धी राहिली. पण मैना गावावर राहिलेला माणूस मात्र पुरताच राहिला. म्हणून गाणेही राहिले.

या पसंतीवर एक आक्षेप आमच्याच एका कार्यकर्त्या भगिनीने घेतला, तो येथे सांगितला पाहिजे. ती म्हणाली, “गाण्यात मैनेचं रूप आहे, दागिने आहेत. पण तिथं गावात तिचं कसं चाललंय, ते कुणी विचारलं का? ती स्वतः काही बोलते का?” हा आक्षेप खरा आहे. सगळे गाणे पुरुषाच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. आमची पसंती त्यामुळे बदलत नाही. पण श्रेष्ठ म्हटलेली रचनाही पुरी नसते, एवढे कबूल करावे.

दुसरा एक वाद याच वादात घुसतो. श्रेष्ठ कोण, अण्णा भाऊ की अमर शेख? अलीकडे जयंत्या आणि पुण्यतिथ्या वाटल्या गेल्या आहेत. जो तो आपल्या जातीचा, आपल्या धर्माचा, आपल्या पक्षाचा शाहीर वेगळा काढून नेतो, आणि गवाणकरांना तर कोणीच नेत नाही. आम्हांला हे रुचत नाही. शब्द अण्णा भाऊंचे. ते लाखालाखांच्या सभांतून शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणारा बुलंद आवाज अमर शेखांचा. आपल्या आगरी-कोळी लग्नात धवलारीण धवळे म्हणते, तेव्हा गाणे तिचे की मांडवाचे, असे आपण विचारतो का? १९६९ च्या जुलैत अण्णा भाऊ गेले आणि ऑगस्टमध्ये अमर शेख मोटार-अपघातात गेले. मरणानेही त्यांच्यात दीड महिन्याहून जास्त अंतर ठेवले नाही. ते आपण कशाला वाढवावे?

आता, उरणच्या सभेत हे सारे का सांगायचे?

दोन वर्षांमागची गोष्ट. एका कंटेनर-यार्डाच्या दारात आमची सभा होती. सभेआधी आमच्या पोरांनी मैना म्हटली. बिहारकडचा एक लोडर बाजूला उभा राहून ऐकत होता. त्याने अर्थ विचारला. आम्ही मोडक्या हिंदीत सांगितला. तो म्हणाला, “हे तर आमचं बिदेसिया.” आम्ही नंतर शोध घेतला. भिखारी ठाकूर हे सारण जिल्ह्यातले, न्हावी समाजातले, शाळेत फारसे न गेलेले लोकनाटककार. १८८७ साली जन्मले, १९७१ साली वारले. त्यांचे ‘बिदेसिया’ नाटक कलकत्त्याला गेलेल्या नवऱ्याचे आणि घरी राहिलेल्या बायकोचे आहे. त्यात ती बायको स्वतः आपले दुःख बोलते. आमच्या भगिनीने मागितले ते तिकडे होते!

तो लोडर सभासद व्हायला आला, तेव्हा आमच्यातच दोन तट पडले. ‘बाहेरच्यांना कशाला घ्यायचे? आमच्या जमिनी गेल्या, काम आधी आमच्या मुलांना पाहिजे.’ हे म्हणणारे चूक नव्हते. १९७० नंतर सिडकोसाठी आपल्या जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले आणि पाच जणांनी प्राण दिले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या रक्तातून आला. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले ते त्याच मातीवर. त्या मातीच्या लेकरांचा कामावर पहिला हक्क आहे, हे आम्ही शंभरदा सांगू.

पण त्या लोडरला बाहेर ठेवून तो हक्क मिळतो का? कंत्राटदाराला हेच तर हवे असते. तो त्याला कमी मजुरीत राबवतो, आणि तोच दर दाखवून आपल्या मुलाला सांगतो, परवडत असेल तर ये. दोघांचा दर एक झाला तरच कंत्राटदाराला आपल्या मुलाला टाळण्याचे कारण उरत नाही.

कोणी म्हणेल, मराठी राज्याचे गाणे तुम्ही परप्रांतीयांच्या कामाला लावता, ही ओढाताण आहे. आम्ही विनयाने म्हणतो की, त्या गाण्यातला माणूस मुंबईत कोण होता? घाटावरचा, बिऱ्हाड नसलेला, मनीऑर्डर करणारा उपराच होता. मोऱ्याच्या धक्क्यावरून भाऊच्या धक्क्याला कामासाठी गेलेले आपल्याही घरांत निघतील. त्या उपऱ्याच्याच तोंडून या राज्याची मागणी सर्वांत गोड निघाली. सभासदाच्या अर्जावर नाव कोणाचे घ्यावे, हे गाणे सांगत नाही. समोर उभा राहिलेला कोण आहे, एवढे मात्र सांगते. तो अर्ज आम्ही घेतला. काही जण त्यामुळे आमच्यावर रागावले; त्यांच्याशी बोलणे अजून चालू आहे, आणि ते तोडण्याचा आमचा विचार नाही.

तेव्हा आमचे मत मैनेला. आपले मत निराळे असेल तर ते सभेनंतर जरूर ऐकवावे. स्टालिनग्राडवाल्यांशी तर आमचा वाद इतक्यात मिटायचा नाही. फक्त एक विनंती आहे. रचना वाचून मत देऊ नका. चार माणसे जमवून, डफ घेऊन ती म्हणा, आणि म्हणताना त्या घोळक्यात कोण कोण उभे आहे तेही पाहा.