थोड्यांनी काय होणार?



चाकणच्या या खोलीत आज आपण जेमतेम पंधरा कुटुंबे जमलो आहोत. मघाशी एका गृहस्थांनी विचारले, "इतक्या थोड्यांनी काय होणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर येथून फार दूर नाही. ते देहूरोडला आहे.

दि. २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची देहूरोडच्या विहारात स्थापना केली. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. म्हणजे तिच्याआधी जवळजवळ दोन वर्षे हे घडले! तेव्हा समाज लाखोंनी बौद्ध झालेला नव्हता. लष्करी डेपोच्या आसऱ्याने वसलेली ती कष्टकऱ्यांची वस्ती. परंतु सारा समाज निघाल्यावर आपण निघू, असे म्हणून ती थांबली नाही. भगवान बुद्धांचे पहिले प्रवचन ऐकावयास सारनाथला तरी किती होते? पाच. पुढे ते साठ झाले, तेव्हा दोघांनी एका वाटेने जाऊ नये अशी त्यांना आज्ञा झाली.

आपण मात्र या कारखान्यांच्या पट्ट्यात जिल्ह्याजिल्ह्यांतून येतो आणि एकेकटे राहतो. मी स्वतः पहिली खोली भाड्याने घेताना मालकाने जात विचारू नये म्हणून आडनाव गिळले होते. त्याची मला आजही लाज वाटते. शेजारी एक जरी बौद्ध घर ओळखीचे असते, तर कदाचित मी तसे केले नसते.

आणखी एक भीती आपल्या घरांत आहे. धर्म 'बौद्ध' लिहिला तर मुलांच्या सवलती जातील! महाराष्ट्राने १९६० सालीच राज्याच्या सवलती बौद्धांना दिल्या. केंद्राचा कायदा बदलावयास १९९० साल उजाडावे लागले. धम्मदीक्षेनंतर तब्बल चौतीस वर्षे! आता अनुसूचित जातीतून आलेला मनुष्य बौद्ध म्हणवून घेतो, एवढ्यावरून त्याचा हक्क जात नाही. पण कायदा पुस्तकात राहतो आणि अर्ज भरणारा कचेरीच्या खिडकीपाशी एकटा उभा असतो. त्याच्यासोबत जावयास लाखो नकोत, दोघे पुरतात.

यासाठी येत्या रविवारी वंदनेनंतर तासभर थांबावे. ज्यांच्या मुलांचे दाखले अडले आहेत, त्यांनी वडिलांचा व आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला बरोबर आणावा. सोमवारी तहसील कचेरीत कोण जाणार, ते तेथेच ठरवू.